खेळाआधीचे बोलणे, खेळानंतरचे बोलणे
(एकटेपणा, राग आणि संवादाच्या सवयी यांच्या अभ्यासाची प्रस्तावना)

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतली पोरे एक फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ उभा राहिला. पुढे त्याचे ‘स्लम सॉकर’ झाले, 2016 मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ने ही गोष्ट घरोघरी पोचवली. एकटेपणा आणि राग यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाने मात्र चित्रपटात सहजी न मावणारा एक भाग लक्षात घ्यावा. स्लम सॉकर ज्या जागतिक जाळ्यात सामील आहे, तिथे ‘फुटबॉल थ्री’ नावाची एक रीत आहे. तिच्यात सामन्याचे तीन भाग असतात. पहिल्या भागात दोन्ही संघ एकत्र बसून नियम ठरवतात. दुसऱ्यात खेळतात, पंचाशिवाय. तिसऱ्यात पुन्हा बसतात, कोण कसे वागले ते समोरासमोर बोलतात आणि त्याचेही गुण देतात. मैदानावर जिंकलेला संघ या तिसऱ्या भागात हरू शकतो.

या रीतीचे मूळ कोलंबियातल्या मेदेयीन शहरात आहे. 1994 च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या बचावपटूकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला. मायदेशी परतल्यावर काही दिवसांतच मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारले. तेव्हा तिथे राहणाऱ्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन माणसाने टोळ्यांतल्या तरुणांना फुटबॉलभोवती जमवायला सुरुवात केली. चेंडू हे निमित्त होते. कुणी धक्का मारला तर तो मुद्दाम मारला की चुकून लागला, हे हात उचलण्याआधी विचारायची सवय लावणे, हे खरे काम होते.

नेमका हाच प्रश्न आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास इथे पायाभूत मानला जातो. एखाद्याच्या हातून आपले नुकसान झाले आणि ते मुद्दाम की चुकून हे कळायला मार्ग नसला, तर भांडखोर मुले ते ‘मुद्दामच’ धरून चालतात. दुसरीकडे जॉन कॅसिओप्पो यांनी एकटेपणावर अनेक वर्षे काम केले, आणि त्यांच्या लिखाणात एकट्या पडलेल्या माणसाचे जे चित्र दिसते ते याच मुलासारखे आहे. तो सतत सावध असतो. समोरच्याच्या चेहऱ्यावर त्याला नकार आधी दिसतो, आणि उत्तर यायला उशीर झाला की तो उशीर त्याला अपमान वाटतो. भांडखोर मुलगा त्यावर ठोसा मारतो, एकटा माणूस दार लावून घेतो. चूक एकच. ग्रंथालयात मात्र या दोघांवरची पुस्तके वेगवेगळ्या कपाटांत असतात, एक मानसिक आरोग्याच्या आणि दुसरे गुन्हेगारीच्या, आणि अभ्यासकही बहुधा एकमेकांच्या कपाटाकडे फिरकत नाहीत. हे पुस्तक त्या दोन कपाटांच्या मधोमध बसून वाचायचे आहे.

दोन्हींना जोडणारा धागा प्रयोगशाळेतही दिसला आहे. 2001 मध्ये जीन ट्वेंगी, रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका चाचणीचा खोटा निकाल सांगितला: पुढच्या आयुष्यात तुम्ही एकटे पडाल. मग अपमान करणाऱ्या व्यक्तीला कर्कश आवाजाची शिक्षा देण्याची संधी त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी ती इतरांपेक्षा जास्त जोराने वापरली. ‘तुम्हाला पुढे अपघात होतील’ असा वाईट निकाल ऐकलेले विद्यार्थी तसे वागले नाहीत. म्हणजे नुसत्या वाईट बातमीने हे घडत नव्हते. आपण कुणाचे उरणार नाही या जाणिवेत काहीतरी वेगळे होते. 2007 चा पुढचा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. बाहेर टाकलेल्या माणसाशी प्रयोगकर्ता दोन शब्द मायेने बोलला, किंवा त्याला आपल्या जवळच्या माणसाची आठवण करून दिली, की हा आक्रमकपणा उतरला.

मग एकट्यांना चारचौघांत नेऊन बसवले की झाले, असे वाटणे साहजिक आहे. नवख्या कार्यकर्त्याची पहिली कल्पना बहुधा हीच असते, आणि ती अपुरी पडते. 2011 मध्ये क्रिस्टोफर मासी, कॅसिओप्पो आणि सहकाऱ्यांनी एकटेपणावरच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांना भेटण्याच्या संधी वाढवणे, आधार देणे, संवादकौशल्ये शिकवणे आणि समोरच्याविषयीचे चुकीचे समज तपासायला लावणे, असे चार प्रकार त्यांनी पाहिले. चांगल्या नियंत्रित प्रयोगांत चौथा प्रकार सर्वांत परिणामकारक ठरला. बगिच्यातल्या बाकावर बसवलेले आजोबा मनातल्या मनात ‘यांना मी नकोच आहे’ असे म्हणत असतील, तर बाकाचा उपयोग काय?

आता नागपूरच्या वाचकाच्या मनात नक्की येणाऱ्या आक्षेपाकडे येतो. राग साठवू नये, मोकळा करावा, असे आपण मानतो आणि त्याचा सणही साजरा करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. 1880 च्या दशकापासूनची ही परंपरा आहे. रोगराई आणि पीडा घेऊन जा, असे ओरडत लोक या पुतळ्यांना गावाबाहेर नेतात. सोबतच्या ‘बडग्या’ नावाच्या पुतळ्यांवर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत आणि पुढाऱ्यांपासून परदेशी राज्यकर्त्यांपर्यंत सर्वांची खरडपट्टी असते. शेवटी दहन. राग असा बाहेर काढणे चांगलेच, नाही का?

ब्रॅड बुशमन यांचा 2002 चा प्रयोग याच्या उलट सांगतो. चिडवलेल्या लोकांपैकी काहींनी चिडवणाऱ्याला मनात आणून ठोसे मारायच्या पिशवीवर राग काढला. ते आणखी चिडले आणि नंतर जास्त आक्रमक वागले. दोन मिनिटे काहीही न करता बसलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत राहिले. म्हणजे उशीवर बुक्क्या मारा, भांडी आपटा, हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणे थांबवायला हवे.

तरीही मारबतीला या प्रयोगाच्या पंक्तीत बसवायला मी तयार नाही. पिशवीवर ठोसे मारणारा माणूस एकटा होता, आणि त्याच्या डोक्यात एकच माणूस होता. बडग्यावरची तक्रार अख्ख्या मोहल्ल्याने मिळून लिहिलेली असते, तिला विनोदाचा बाज असतो, आणि शेजारच्यावरचा राग तिथे महागाईवर वळतो. ते राग काढण्यापेक्षा राग मांडण्याच्या जवळ जाते. काढणे आणि मांडणे यांतला फरक या पुस्तकाच्या निम्म्या पानांना व्यापतो. मार्शल रोझेनबर्ग यांच्या अहिंसक संवादाच्या पद्धतीचाही गाभा हाच आहे: काय घडले, मला काय वाटले, मला काय हवे आहे आणि माझी विनंती काय, एवढे चार भाग सुटे करून सांगणे. पद्धत थोडी शाळकरी वाटते, आणि तशीच्या तशी बोलली तर घरातले हसतील. आपल्या बोलीत ती मुरायला वेळ लागतो.

बोलीचाही विचार करावाच लागतो. नागपूरकराचे प्रेमाचे बोलणे पुण्याहून आलेल्या पाहुण्याला अनेकदा भांडण वाटते. समोर बसून ते निस्तरता येते. फोनच्या पडद्यावर येत नाही. 2005 मध्ये जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लिहून पाठवलेला उपरोध वाचणाऱ्याला बरोबर कळेल याची पाठवणाऱ्याला भलतीच खात्री असते. प्रत्यक्षात वाचणाऱ्याचा अंदाज नाणेफेकीपेक्षा फारसा सरस नव्हता. घरच्या ग्रुपवर निळी टिक दिसूनही उत्तर आले नाही, म्हणून दोन भावांत महिनाभर अबोला पडल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात नागपूरचा मे महिना. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत शहर कूलरपुढे बंद असते. गच्चीवर गाद्या टाकून झोपायची रीत सरली, तशी रात्रीची भिंतीपलीकडची बोलणीही सरली. मुले बंगळुरूला किंवा अमेरिकेला असलेल्या धरमपेठेतल्या एखाद्या घरात त्या दिवसांत दारावरची घंटा फक्त पार्सलवाला वाजवतो.

विदर्भाने या बाबतीत जगाकडून फक्त घेतले आहे असे नाही. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी नेलेली सामुदायिक प्रार्थना ही रोज एका वेळी, एका ओळीत, जात न पाहता बसण्याची सवय होती. ती सवय म्हणून कधी अभ्यासली जावी असे मला फार वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमाचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन घरोघरी आणि बैठकांत नैराश्याविषयी बोलायला लावले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. यात डॉक्टरही होते, औषधेही होती. पण दाराशी पहिल्यांदा पोचले ते गावचेच माणूस आणि त्याचे बोलणे.

एका जागी मात्र मी वाचकाला थांबवतो. 2007 मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने हजारो किरकोळ भांडणे कोर्टाबाहेर मिटवली, हे तिचे श्रेय. पण मार खाणाऱ्या बाईला ‘जरा समजून घे’ म्हणणे हा संवाद नाही. जिथे एकाच्या हातात काठी आहे, तिथे आधी काठी खाली यायला हवी, त्यासाठी कायदा आहे, आणि या पुस्तकातला एकही अभ्यास त्याची जागा घेऊ शकत नाही. तसेच जीव नकोसा झालेल्याने पुस्तक बाजूला ठेवून टेली-मानसचा 14416 हा क्रमांक लावावा. तो 2022 पासून सुरू आहे, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांचा त्रास राग हा आहे, त्यांनी तिसऱ्यापासून सुरू करावे. पहिले सिद्धान्ताचे आहे. ते परीक्षेच्या विद्यार्थ्यांना सोडता येणार नाही, इतरांना येईल. पुस्तकातल्या बहुतेक सरावांना जोडीदार लागतो, आणि इथेच एकटा वाचक पुस्तक मिटण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी 2014 चा एक साधा प्रयोग सांगतो. कॉफीच्या दुकानात गिऱ्हाइकांपैकी काहींना सांगितले होते, की गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहून हसा, दोन वाक्ये बोला. बाकीच्यांना सांगितले होते, झटपट पैसे देऊन निघा. बोललेल्यांना आपण कुणात तरी आहोत असे जास्त वाटले. तेव्हा उद्या सकाळी पानठेल्यावर किंवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर नेहमीचे सुटे पैसे पुढे करताना, आज गर्दी कमी कशी, एवढे विचारून पाहा. उत्तर तुटक आले, तर लगेच अर्थ लावू नका. त्याच्यापुढे कढई तापलेली असते.