माहेर मद्रास, सासर घनसावंगी

घनसावंगीच्या रस्त्यांवर काय काय धावते याची यादी केली, तर उसाच्या ट्रॉल्या, मोसंबीचे टेम्पो, एस.टी., काळीपिवळी जीप आणि बैलगाड्या एवढी वाहने सहज निघतील. त्या यादीत स्पोर्ट्स कार कुणी लिहिणार नाही. मी लिहितो, कारण ती माझ्या अंगणात उभी आहे. 1967 सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. वकील मामांनी औरंगाबादेत कोरी घेतली, आणि मी इथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या गळ्यात घातली. तेव्हापासून शाळा, बाजार, दवाखाना, लग्ने, मयती, सगळीकडे आम्ही दोघे जातो. कधी ती मला नेते, कधी मी तिला.

काटेकोर वाचक लगेच म्हणतील, "अहो, हेराल्ड कुठली स्पोर्ट्स कार?" बरोबर आहे. पण 1962 साली इंग्लंडात निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही खरीखुरी, दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार हेराल्डचाच सांगाडा आखूड करून केलेली होती. म्हणजे आमची ही स्पिटफायरची थोरली बहीण. धाकटी शर्यतीत चमकली की "थोरलीही तशी चपळच हो" असे म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. शिवाय मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर हेराल्डनेही शर्यती केलेल्या आहेत. पुरावा एवढा पुरे.

हिच्या जन्माची कथा एकत्र कुटुंबासारखी आहे. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला मोटारींची धडे करून देणारा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्ध्याने विकत घेतला. ऐन पंगतीच्या तोंडावर आपली स्वयंपाकीण शेजाऱ्याने पळवावी तसा प्रकार! एकसंध धड करून देणारे कुणी मिळेना. मग कंपनीने जुन्या वळणाचा वेगळा सांगाडा खाली घेतला, धडाचे तुकडे ठिकठिकाणी करून घेतले आणि ते बोल्टांनी एकमेकांना जोडले. रूप मात्र इटलीतल्या तुरीनच्या मिकेलोत्ती नावाच्या कलावंताने रेखाटले. 1959 साली ही सून बाजारात आली आणि 1971 पर्यंत इंग्लंडात पाच लाखांहून अधिक हेराल्ड निघाल्या. अडचणीतून निघालेल्या गोष्टी टिकाऊ असतात, हे माझ्या आजीचे मत कॉव्हेंट्रीपर्यंत पोचले होते असे दिसते.

1961 साली ती मद्रासला बनू लागली. त्या काळी मोटार निवडणे सोपे होते, कारण निवडण्यासारखे फारसे नव्हते. मुंबईत शिवडीला 1928 पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स पन्नाशीच्या दशकात सरकारचे धोरण बदलल्यावर निघून गेली. उरल्या तिघी. कलकत्त्याकडची अँबॅसडर, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याची फियाट, आणि मद्रासची हेराल्ड. अँबॅसडर म्हणजे पोक्त आत्याबाई, फियाट म्हणजे नोकरी करणारी सून आणि हेराल्ड म्हणजे कॉलेजात बॅडमिंटन खेळणारी मुलगी. बॅडमिंटनवाल्या मुलीला आपल्याकडे स्थळे कमी येतात. तिलाही कमीच आली. मग मद्रासकरांनी तिला चार दारे बसवून पाहिली. चार दारांची हेराल्ड जगात फक्त आपल्याकडे झाली. 1972 साली तिची गझेल केली, आणि सत्तरीचे दशक संपण्याआधी तेही थांबले. ऐंशीच्या दशकाअखेर मोटारी करायचे कामच थांबले. सुनेचे माहेरच तुटले!

माझा मराठवाडा मात्र मोटारींना नवखा नाही. मुंबई राज्याची एस.टी. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला निघाली, त्याच्या सोळा वर्षे आधी, 1932 साली, निजामाच्या रेल्वेने 27 बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली होती. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यात. बोहल्यावरून निघून हा माणूस पायी देश फिरला, म्हणून इथे चालण्यालाही प्रतिष्ठा आहे. हेराल्ड बंद पडली की मी या परंपरेचे स्मरण करतो.

हेराल्डचे मुख्य आकर्षण म्हणजे तिचे बॉनेट. इतर मोटारींचे झाकण उघडते, हिचा अख्खा चेहरा उघडतो. मडगार्ड, दिवे, सगळे पुढे कलते आणि इंजिन, स्टिअरिंग, चाके उघडी पडतात. दुरुस्ती करणारा ऐटीत पुढच्या चाकावर बसतो. पहिल्यांदा मी ती चौकात उघडली तेव्हा गर्दी जमली. एक म्हातारबा कळवळून म्हणाले, "गुर्जी, पार मधून तुटली की वो!" पुढे सवय झाली. आता बॉनेट उघडले की लोक उसाच्या भावावर बोलायला जमतात. 948 सी.सी.च्या इंजिनाभोवती मावतील एवढे सल्लागार गावात कायम हजर असतात.

पण खरी मेख आहे ती पुढच्या चाकांपाशी. तिथे ट्रनियन नावाचा पितळी सांधा असतो. त्यात ग्रीस भरायचे नाही, गिअरचे घट्ट तेल भरायचे. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, पाणी शिरते, गंज चढतो, आणि एके दिवशी चाक दुमडून मोटार गुडघे टेकते. हे मला मिस्त्री चाचांनी शिकवले. अंबड रस्त्यावर पत्र्याच्या शेडखाली त्यांचे दुकान. मी एकदा "जरा ग्रीस मारून द्या" म्हटले, तर म्हणाले, "साब, शक्कर की बीमारी है, और आप पेढा खिलाने को बोलते!" त्या दिवसापासून दर दोन महिन्यांनी तेल.

मागच्या चाकांचीही एक खोड इतिहासात नोंदलेली आहे. जोरात वळण घेताना मध्येच पाय काढला, तर बाहेरचे चाक आत वळते आणि गाडीची मागची बाजू निसटते. इंग्लंडात त्यावर पानेच्या पाने लिहिली गेली. आमच्याकडे त्या वेगाने वळण घेता येईल असा रस्ताच कित्येक वर्षे नव्हता, त्यामुळे आम्ही सुखरूप आहोत. शिवाय ती अवघ्या पंचवीस फुटांत वळते. बैल दिसला, की वळून घरी.

सुट्या भागांसाठी मी तीर्थयात्रा केल्या आहेत. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईचे ऑपेरा हाऊस, मद्रासचे पुदुपेट. पण निम्मी मोटार आता जालन्याच्या लेथवर घडलेली आहे. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशात शिसेमुक्त पेट्रोल आले, तेव्हा व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवाव्या लागल्या. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असते, ते जुने रबर मऊ करते. इथेनॉल होते उसापासून, ऊस पिकतो आमच्या शिवारात. म्हणजे बांधावरून ज्याला मी हात करतो, तोच ऊस माझ्या मोटारीचे पाइप खातो. सगळे पाइप बदलले. उसावर राग धरून या तालुक्यात राहता येत नाही.

त्यात जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारचा नियम आला. पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपातली खासगी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. फी 20,000 रुपये, नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरे. मुलाने पुण्याहून फोन केला, "बाबा, करून टाका. किंमत वाढेल." मी नियम वाचला. अशी मोटार प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते. रोजच्या वापराला नाही. म्हणजे चाचांकडे नेता येईल, पण दुरुस्त झाल्यावर भाजीला नेता येणार नाही! साधी नोंदणी ठेवावी, तर 600 रुपयांची फी 2022 मध्ये 5,000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000. सन्मान हवा तर घरी बसा, काम करायचे तर दंड भरा. निवृत्त मास्तराला ही भाषा लगेच कळते.

मी दंड निवडला. पैशाचा हिशेब केला तर हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि सौ. तो हिशेब दर महिन्याला करते. पण मोटार उभी राहिली, की आधी तिचे तेल सुकेल, मग चाचांचे काम सुटेल, आणि त्यांच्या कानांनी इतक्या वर्षांत जे ऐकून ठेवले आहे ते त्यांच्याबरोबरच जाईल. चाचांचे हात आता थरथरतात. पॉइंटची फट ते अजून नखाने अजमावतात, पण स्क्रू त्यांचा नातू आवळतो. पोरगा आय.टी.आय. झालेला. पहिल्या दिवशी त्याने मला विचारले, "सर, स्कॅनर कुठं लावायचा?" चाचांनी त्याचे मनगट धरून हात इंजिनावर ठेवला आणि म्हणाले, "यहाँ."

गेल्या महिन्यात ट्रनियनला तेल त्यानेच भरले. मी ग्रीसचा विषय मुद्दाम काढला, तर आजोबांच्याच सुरात म्हणाला, "पेढा नको, सर." तेवढ्यासाठी 2027 चे दहा हजार मला महाग वाटत नाहीत. सौ.ला अजून सांगितलेले नाही.