एक डॉलर, दहा वर्षं

परवा न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन आला. तिथल्या सात-आठ जणी मिळून आमच्या गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहाला दरवर्षी पैसे पाठवतात. यंदा त्यांच्यात वाद झालाय. काहींचं म्हणणं, मुलींनी दर महिन्याला फोटो आणि पत्र पाठवायलाच हवं. नाहीतर पैसे बंद! "तू इतिहास वाचतोस ना, मग तूच सांग," ताई म्हणाली. मी म्हटलं, दोन दिवस दे.

मला आठवल्या त्या पंडिता रमाबाई.

11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, आणि पुढे दोनेक वर्षं तिथेच फिरत राहिल्या. गावोगावी भाषणं दिली. 1887 मध्ये 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे पुस्तक काढलं. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांची. आनंदीबाई मात्र ते पाहायला नव्हत्या, त्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या. पुस्तकाचे पैसे विधवांच्या शाळेसाठी बाजूला ठेवले गेले.

त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा, तोही दहा वर्षं. मला यातली 'दहा वर्षं' ही गोष्ट फार आवडते. देणगी देऊन मोकळं होणं सोपं असतं हो, पण एखादी पोरगी शिकून पायावर उभी राहायची तर वर्षं लागतात!

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. नंतरच्या वर्षी ते पुण्याला हललं. पैसा अमेरिकेचा, पण सल्लागार इथले: न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे. अट अशी, की शाळेत धर्मप्रचार करायचा नाही. मुलींनी आपापले आचार पाळावेत.

इथंच घोडं अडलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या प्रार्थनेला बसल्या की दार उघडंच असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण हाकलणारही नाही. 'केसरी'ने झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. कोण बरोबर, यावर आजही भांडता येईल. मला दोन्ही बाजू कळतात. पण भांडण थोरामोठ्यांचं झालं आणि शाळा सुटली ती मुलींची, हे काही डोक्यातून जात नाही.

बॉस्टनकरांनी मात्र हात काढून घेतला नाही. ठरलेली दहा वर्षं त्यांनी पुरी केली.

आता यातली गंमत बघा. शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई जोशी. त्याच 1893 मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच आपल्या बाया कर्वे. 1896 मध्ये अण्णासाहेबांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 साली हिंगण्याला गेला. म्हणजे शारदा सदनात शिकलेली एक मुलगी हिंगण्याच्या घराची गृहिणी झाली. बॉस्टनच्या कुठल्या हिशेबाच्या वहीत ही जमा कशी मांडणार?

ताईला मी काल फोन केला. म्हटलं, हिशेब जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन बघूनही जा. पण किती वर्षं देणार, ते आधी सांगून टाका. आणि मुलींकडून दर महिन्याला आभाराचं पत्र नका हो मागू. मदत घेणाऱ्याने सतत हात जोडून उभं राहायचं, तर ती शिकणार कधी?

ताई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाच वर्षं म्हणून बघते. दहाला तयार होणार नाहीत."

पाच तर पाच. सुरुवात तर झाली!

तुमच्यापैकी कुणी असं काही चालवत असाल तर तुमचा अनुभव जरूर कळवा. ताईला वाचून दाखवीन.