तांबाकी

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत आढळणारा गोड्या पाण्यातील मोठा मासा. शास्त्रीय नाव कोलोसोमा मॅक्रोपोमम. पेरूमध्ये याला गामिताना, तर कोलंबिया व व्हेनेझुएलात काचामा म्हणतात. हा पिरान्हाच्याच सेरासाल्मिडी कुळातील असून भारतात तळ्यांत वाढवला जाणारा ‘रूपचंद’ त्याचा जवळचा नातलग आहे. लांबी सुमारे १ मी. व वजन ३० किग्रॅ.पर्यंत भरते.

आहाराची साधने : पिरान्हाचे दात मांस कापणारे, तर तांबाकीचे दाढांसारखे रुंद व बळकट असतात. जबड्याच्या जोरावर तो टणक कवचाच्या बिया फोडतो. शिवाय त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर लांब, बारीक काट्यांची दाट रांग असते. तिच्यातून पाणी गाळून तो सूक्ष्म प्राणी टिपतो. फळे खाणाऱ्या एवढ्या मोठ्या माशात ही दोन्ही साधने एकत्र असणे विरळाच.

ऋतुमानानुसार आहार : मध्य ॲमेझॉनमध्ये पावसाळ्यात नदीची पातळी सुमारे १० मी.पर्यंत चढते आणि काठचे जंगल कित्येक महिने पाण्याखाली जाते. याच काळात तेथील अनेक झाडांची फळे पिकतात. प्रौढ तांबाकी जंगलात शिरून फळणाऱ्या झाडांखाली थांबतात. रबराच्या झाडांची फळे तडकून बिया पाण्यावर उडतात. त्या आणि जावारी ताडाची फळे हे त्यांचे आवडते खाद्य. स्थानिक कोळी याचाच फायदा घेतात. काठीला बांधलेल्या दोरीच्या टोकाचा गोळा पाण्यावर आपटून ते फळ पडल्याचा भास निर्माण करतात व माशाला गळाकडे ओढतात. या साधनाला गापोंगा म्हणतात.

पूर ओसरला की प्रौढ मासे नदीच्या मुख्य पात्रात परततात. तेथे खाद्य फारसे नसल्याने पुरात साठवलेल्या चरबीवरच त्यांचा बराचसा गुजारा होतो. पिल्ले मात्र पहिली काही वर्षे पूरमैदानातील तळ्यांतच राहतात. जलपिसवांसारखे प्राणिप्लवक हे त्यांचे मुख्य अन्न. जोडीला कीटक, फळे, बिया व रानभाताचे दाणे असतात.

बीजप्रसार : मायकेल गोल्डिंग यांच्या ‘द फिशेस अँड द फॉरेस्ट’ (१९८०) या ग्रंथाने ॲमेझॉनमधील मासे व पूरवने यांच्या संबंधाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मोठ्या बिया तांबाकी चावून नष्ट करतो. पण बारीक बिया अखंड गिळल्या जाऊन विष्ठेवाटे दूरवर पडतात व रुजतात. मोठा मासा अधिक बिया अधिक लांब नेतो. अतिमासेमारीत आधी मोठेच मासे पकडले जात असल्याने माशांची संख्या टिकली तरी वनाचे नुकसान होऊ शकते.

मत्स्यपालन : तांबाकी धान्य व कृत्रिम खाद्य सहज खातो, त्यामुळे ब्राझीलमध्ये त्याचे मोठ्या प्रमाणावर पालन होते.