भूजल शुद्ध करणारी भूमिगत भिंत

कारखान्यातून जमिनीत मुरलेले विषारी द्रव्य तेथेच थांबत नाही. भूजलाच्या प्रवाहाबरोबर ते वर्षानुवर्षे संथपणे सरकत राहते आणि अखेर विहिरी, कूपनलिका किंवा नदी गाठते. हा प्रवास रोखण्यासाठी जमिनीखाली भिंत उभारण्याचे तंत्र विकसित झाले आहे.

या भिंतींचे मुख्यत्वे दोन प्रकार आहेत. अभेद्य भिंतीसाठी खोल चर खणून त्यात माती आणि बेंटोनाइट ही चिकणमाती यांचे मिश्रण भरतात. तिच्यामुळे दूषित पाणी अडते. मात्र साचणारे पाणी बहुधा उपसून शुद्ध करावे लागते. दुसरी पाझर भिंत. ती पाण्याला वाट देते आणि विष तेवढे अडवते. चरात भरलेल्या लोहाच्या कणांमधून पाणी जाताना रासायनिक क्रिया घडून प्रदूषके निरुपद्रवी होतात. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये बोर्डन येथे अशा भिंतीची प्रत्यक्ष जमिनीत चाचणी सुरू केली.

या तंत्राचे ठळक उदाहरण अमेरिकेतील एलिझाबेथ सिटी येथील तटरक्षक दलाच्या तळावर आढळते. धातूंवर क्रोमियमचा मुलामा देण्याच्या तेथील कार्यशाळेतून विषारी क्रोमियम जमिनीत झिरपले होते. पास्कोटँक नदी तेथून अवघ्या ६० मीटरवर होती. भूजलात ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावकही मिसळले होते. जून १९९६ मध्ये तेथे ४६ मीटर लांब, सुमारे ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर रुंद अशी लोहकणांची भिंत घालण्यात आली. लोहाच्या संपर्काने पाण्यात विरघळलेल्या घातक क्रोमियमचे कमी विषारी, अविद्राव्य रूपात परिवर्तन होऊन ते भिंतीतच साचते. द्रावकातील क्लोरीनचे अणू सुटे होऊन त्याचेही विघटन होते.

भिंतीपलीकडील पाण्यात क्रोमियमचे प्रमाण पेयजलाच्या मर्यादेखाली आले. मात्र एका निरीक्षण विहिरीत ट्रायक्लोरोएथिलीन मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दूषित पाण्याचा काही अंश भिंतीच्या तळाखालून जात असावा, असा अंदाज बांधण्यात आला.

यातून या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट होतात. भूजलाची दिशा, वेग आणि प्रदूषणाची खोली यांचे मोजमाप चुकले, तर पाणी भिंतीला वळसा घालते. शिवाय क्षार साचून लोहकणांमधील पोकळ्या बुजतात आणि लोहाची क्रियाशीलताही कालांतराने घटते. म्हणून भिंत घातल्यानंतरही वर्षानुवर्षे पाण्याची तपासणी अपरिहार्य ठरते. प्रदूषणाचा मूळ स्रोत बंद करण्याला तर भिंत हा पर्याय नव्हेच.