सांताक्लॉजच्या नावाचे टपाल

जुन्या टपालशिक्क्यांचा मला तीस वर्षांपासून नाद आहे. शिक्षण बी.कॉम., धंदा साताऱ्यात स्टेशनरीच्या दुकानाचा. त्यामुळे या विषयातले माझे गुरू म्हणजे रद्दीवाले आणि वाचनालये. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात परदेशी लिफाफ्यांच्या गठ्ठ्यात एक लिफाफा हाती लागला. पत्ता मुंबईतल्या भायखळ्याचा, नाव एका मुलीचे, आणि शिक्क्यातल्या गावाचे नाव ‘सांताक्लॉज, इंडियाना’. कुणीतरी थट्टा केली असावी असे वाटले. पण शोध घेतला, तर अमेरिकेत खरोखरच त्या नावाचे गाव आहे आणि १८५६ पासून तिथे टपाल कचेरीही आहे.

नाताळच्या आधी मुले सांताक्लॉजला पत्र लिहून आपल्याला काय हवे ते कळवतात, हे आपल्याकडेही आता सर्वांना ठाऊक आहे. पण ते पत्र पेटीत पडल्यावर पुढे त्याचे काय होते? तो शिक्का पाहीपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

गंमत म्हणजे सुरुवातीला ही पत्रे उलट दिशेने जात. कवी लाँगफेलो यांची पत्नी फॅनी १८५०च्या दशकात सांताक्लॉजच्या नावाने आपल्या मुलांना पत्रे लिहीत असे, आणि त्यांत वर्षभरातल्या वागण्याचा हिशेब असे. म्हणजे वर्षाअखेरचे प्रगतिपुस्तकच! मुलांनी लिहिलेली पत्रे घरातल्या शेकोटीत टाकायची पद्धत होती; धुराड्यातून धूर वर गेला की मागणी पोचली. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या शहरांत पोस्टमन घरोघरी विनाशुल्क टपाल देऊ लागला. १८७१ च्या डिसेंबरात ‘हार्पर्स वीकली’त टॉमस नास्ट या चित्रकाराने टेबलाशी बसून पत्रांचे ढीग उपसणारा सांता काढला. मुलांच्या मनात टपाल आणि सांता यांची जोडी जमली, ती साधारण या काळात.

पोस्टाची मात्र पंचाईत झाली. पत्र ज्याच्या नावाचे त्यालाच द्यायचे, दुसऱ्याने फोडायचे नाही, हा टपालाचा पाया. सांताला ना घर ना दार. त्यामुळे ही पत्रे बेवारस ठरत आणि डेड लेटर ऑफिसात जात. तिथे पत्र उघडायचे ते पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यासाठी. आतल्या मागणीशी कुणाला कर्तव्य नाही. अखेर १९१२ मध्ये पोस्टमास्टर जनरल फ्रँक हिचकॉक यांनी स्थानिक पोस्टमास्तरांना मुभा दिली, की कर्मचाऱ्यांनी आणि नागरिकांनी ही पत्रे वाचून त्यांना उत्तरे द्यावीत. एका लहानशा आदेशाने हजारो पत्रांना वाचक मिळाला.

आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: हा वाचक कोण?

न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली जॉन डुवाल ग्लक हा कस्टम्सचा दलाल पुढे आला. त्याने ‘सांताक्लॉज असोसिएशन’ काढली. पोस्टाने शहरातली पत्रे तिच्या हवाली केली. स्वयंसेवक पत्रे वाचत, घरची गरज खरी आहे का ते पाहत आणि एकेका पत्राला एकेक देणगीदार गाठून देत. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले. पुढे टपालखर्चासाठी पैसे मागणे सुरू झाले, मग सांताच्या नावाने भव्य इमारत बांधायचे बेत निघाले. पंधरा वर्षांनी, १९२८ च्या सुमारास, शहराच्या लोककल्याण खात्याचे प्रमुख बर्ड कोलर यांनी हिशेब मागितला, तेव्हा जमलेला पैसा कुठे गेला याचा मेळ लागेना. पोस्टाने पत्रे देणे बंद केले. ग्लक पहिल्या दिवसापासून लबाड होता असे मला वाटत नाही. सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ घरी खरोखरच वस्तू पोचल्या. पण गरीब मुलाने विश्वासाने लिहिलेले पत्र म्हणजे देणगी काढायचे उत्तम साधन आहे, हे त्याला फार लवकर कळले.

मागण्यांच्या वस्तू काळाप्रमाणे बदलत गेल्या. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, सिअर्स कंपनीने नाताळचा स्वतंत्र कॅटलॉग काढला. त्यात मिकी माउसचे घड्याळ होते, विजेवर धावणारी आगगाडी होती, गाणारे जिवंत कॅनरी पक्षीही होते. पुढे १९६८ मध्ये या कॅटलॉगचे नावच ‘विश बुक’ झाले. ज्याला काय मागावे हे सुचत नसेल त्याला दुकानदाराने सुचवावे, हा आमच्या धंद्याचा जुनाच धर्म! आज त्या जागी मोबाइल आणि व्हिडिओ गेम आले आहेत. पण अमेरिकन पोस्टाने संकेतस्थळावर ठेवलेली अलीकडची पत्रे मी वाचतो, तेव्हा हव्या त्या यंत्राचे नाव संपले की खाली बहुतेकदा दुसऱ्याचे काहीतरी निघते: धाकट्या भावाच्या बुटाचे माप, आईसाठी गरम कोट.

त्या पत्रांवर आडनाव आणि पत्ता मात्र काळ्या शाईने झाकलेला असतो. पत्रे घ्यायला आलेल्यांत लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतला एक इसम मेरीलँड राज्यातल्या एका टपाल कर्मचाऱ्याने ओळखला. त्यानंतर २००९ पासून ही पद्धत आली. देणाऱ्याला फक्त क्रमांक दिसतो, खरा पत्ता पोस्टाकडे राहतो.

आपल्याकडे शबरीमलैला अय्यप्पाचा स्वतंत्र पिनकोड आहे, यात्रेच्या हंगामापुरता चालणारा. भाविकांची पत्रे, लग्नपत्रिका त्या पत्त्यावर येतात आणि देवापुढे ठेवल्या जातात. १९७२ मध्ये आपल्याला पिनकोड देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते. त्यांना ही वहिवाट आवडली असती. पण देवाकडून लेखी उत्तर कुणी मागत नाही. मूल मागते.

त्या उत्तराचा मला सर्वांत पटलेला नमुना फ्रान्समधला. १९६२ मध्ये टपालमंत्री जाक मारेत यांनी अशा पत्रांना उत्तरे देणारे कार्यालय उघडले. काही वर्षांनी ते लिबूर्न गावी हलवले. पहिल्या उत्तराचा मसुदा मंत्र्यांच्या बहिणीने, मनोविश्लेषक फ्रान्स्वाज डोल्तो यांनी, लिहून दिला. त्यात वचन कसलेच नाही. तू मागितलेले आणता येईल की नाही सांगता येत नाही, प्रयत्न करीन. मी फार म्हातारा आहे, कधी चुकतो, तेव्हा माफ कर, असा त्याचा आशय. ज्या घरात आगगाडी येणार नव्हती, त्या घरातल्या मुलालाही हे कार्ड वाचता येत होते. आपण वाईट वागलो म्हणून मिळाले नाही, असे त्याला वाटायला जागा उरत नव्हती. फॅनीबाईंच्या हिशेबी पत्रांनंतर शंभर वर्षांनी सांताने स्वतःकडे चूक घेतली.

भायखळ्याच्या त्या लिफाफ्यात आत काही नाही. पण तो टराटरा फाडलेला नाही. एका कडेने कात्रीने नीट कापून उघडलेला आहे.