एका मार्काचा प्रश्न

"अणुअंक म्हणजे काय?"
"अणूच्या केंद्रकातील प्रोटॉनची संख्या."

संपलं. एक मार्क. शाळेत मीही हे घोकलं, लिहिलं आणि विसरलो. परवा भाचीची उजळणी घेताना ते पुन्हा समोर आलं. ज्याने हा आकडा मोजून दाखवला, त्याने 'प्रोटॉन' हा शब्द कधी ऐकलाच नव्हता, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो शब्द आला १९२० साली. हेन्री मोझली त्याआधीच, १९१५ मध्ये गेला. वय वर्षं २७.

मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यं मांडली ती अणुभाराच्या क्रमाने. अणुअंक म्हणजे नुसता रांगेतला नंबर. पण रांगेत काही जण खुपत होते. कोबाल्टचा अणुभार ५८.९३, निकेलचा ५८.६९. वजनाने पाहिलं तर निकेल आधी, गुणधर्म पाहिले तर कोबाल्ट आधी. टेल्यूरियम आणि आयोडीनचंही तेच रडगाणं. १९११ मध्ये रदरफोर्डने अणूला केंद्रक दिलं. मग व्हॅन डेन ब्रूक नावाच्या एका डच गृहस्थाने अंदाज केला, की रांगेतला नंबर हाच केंद्रकावरचा धनप्रभार असेल. अंदाज छान होता, पण पुरावा?

तो मोझलीने दिला, १९१३ साली, मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत. त्याने निर्वात नळीत एक छोटी गाडी ठेवली, तिच्यावर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे. दोरीने गाडी ओढायची, एकेका धातूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि निघणारे क्ष-किरण फोटोच्या काचेवर टिपायचे. या माऱ्याने अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उडतो, त्याच्या जागी वरचा येऊन पडतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. त्याची ऊर्जा ठरते केंद्रकाच्या प्रभारावरून.

काचेवर काय दिसलं, तर चक्क एक जिना! पुढच्या मूलद्रव्याकडे गेलं, की वारंवारतेचं वर्गमूळ दर वेळी जवळजवळ तेवढंच वाढत होतं. कॅल्शियम विसावी पायरी, जस्त तिसावी. कोबाल्ट २७, निकेल २८, वजन काहीही असो. स्कॅंडियम त्याच्याकडे नव्हतं, तर तिथे नेमकी एक पायरी मोकळी दिसली.

१९१४ पर्यंत तो ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंत, म्हणजे १३ ते ७९ पर्यंत पोचला. ४३, ६१ आणि ७५ या तीन जागा रिकाम्या आहेत, हे त्याने लिहून ठेवलं. पुढे ७५ क्रमांकाचं ऱ्हेनियम १९२५ मध्ये सापडलं, ४३ चं टेक्नेशियम १९३७ मध्ये, ६१ चं प्रोमेथियम १९४५ मध्ये.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा मोझली एका विज्ञान परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होता. परत येऊन तो स्वतःहून सैन्यात गेला. रदरफोर्डची मुलं पांगली. मार्सडेन ब्रिटिशांकडून लढला, गायगर जर्मनांकडून. चॅडविक बर्लिनजवळ नजरकैदेत अडकला. तो सुटला आणि १९३२ मध्ये त्याने न्यूट्रॉन शोधला. मोझली १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीला फोनवरून हुकूम सांगत असताना डोक्यात गोळी लागून मेला. मृत्युपत्रात त्याने सगळी मालमत्ता संशोधनासाठी रॉयल सोसायटीला दिली होती.

अशा माणसाला आघाडीवर पाठवणं ही राष्ट्राची शोकांतिका आहे, अशा अर्थाचं रदरफोर्डने लिहिलं. पटतं. पण मग वाटतं, त्याच दिवशी त्याच टेकड्यांवर दोन्ही बाजूंची शेकडो पोरं मेली. त्यांच्यात कोण होतं, काय करणार होतं, कुणास ठाऊक! मूलद्रव्यांचं बरं असतं, जिन्यावरची कुठली पायरी गेली ते दिसतं. माणसांचं तसं नाही.

असो. भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, हे परीक्षेला येणार आहे का?"