पुंगळी पुन्हा कधी भरता येते?

गोळी सुटल्यावर उरणारे काडतुसाचे पितळी कवच म्हणजे पुंगळी. तिच्यात साधारण ७० टक्के तांबे, ३० टक्के जस्त असते. टोपी तळाच्या मध्यभागी असेल तर पुंगळी पुन्हा भरता येते, पण दरवेळी पितळ ताणून कडक होते आणि शेवटी चिरते. म्हणून एका खेपेच्या पुंगळ्या एकाच डब्यात ठेवून, त्या किती वेळा भरल्या हे डब्यावर लिहितात. दोन डबे मिसळले की हिशेब संपला. चिरलेल्या पुंगळीतून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. (भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.)

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक .२२ रायफलवर जिंकले. या काडतुसात स्फोटक तळाच्या कडेत असते. फायरिंग पिनने ती कडच चेपते, त्यामुळे पुंगळी थेट भंगारात जाते.